नाल्यातला पाला

वणव्याच्या अहवालात एक रकाना असतो : आगीचं कारण. बोटभर रुंद. त्यात 'अज्ञात इसम' हे दोन शब्द बरोबर मावतात, आणि म्हणूनच की काय, आमच्याकडच्या बहुतेक आगी हा अज्ञात इसमच लावतो. इतकी वर्षं वनरक्षक म्हणून जंगल तुडवलं, हा माणूस मला एकदाही भेटला नाही. एका वर्षी मात्र त्या रकान्यात एका बाईचं नाव लिहायला मला सांगितलं गेलं. तिने आग लावली नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण ते सिद्ध करायचं तर आग तिच्या झाडापर्यंत कोणामुळे पोचली तेही लिहावं लागणार होतं. ती माझ्यामुळे पोचली होती.

माझं घर शहरात, नंदनवनला. नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. माझं बीट, म्हणजे माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं जंगल, उमरेडच्या पुढे. आठवडाभर मी चौकीवर राहायचे आणि सुटीला एसटीने घरी यायचे. फेब्रुवारीच्या मध्यापासून आगीचा हंगाम सुरू झाला की सुटीचंही काही खरं नसायचं. घरी आले तरी केसांत धुराचा वास. नवरा दार उघडून म्हणायचा, "आलं जंगल घरी." कपडे दोनदा धुतले तरी बादलीतलं पाणी काळंच निघायचं, आणि पोरं त्या पाण्यात कागदी होड्या सोडायची.

शहरातल्या लोकांना वणवा म्हणजे टीव्हीवरचा वाटतो. झाडांच्या शेंड्यावर ज्वाळा, वरून विमान पाणी टाकतंय. लग्नात, बारशात कोणीतरी हमखास विचारतं, "पाणी मारायचं ना मग, त्यात काय एवढं?" एकदा जेवणाच्या पंगतीत मी उत्तर द्यायला गेले, तर मठ्ठा आला आणि विषय संपला.

आमची आग गुडघ्याएवढी असते. ती झाडावर चढत नाही, पाल्यातून सरकत येते. सागाची पानं ताटाएवढी. जानेवारीपासून गळायला लागतात आणि मार्चमध्ये पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. गुडघ्याएवढ्या आगीला कोणी भीत नाही, तिथेच सगळं चुकतं. ती एका ठिकाणी विझवायची तर विझतेही. पण तिची लांबी एका नजरेत मावत नाही, आणि आम्ही असतो चार जण. एक मशीन पाठीवर घेऊन वाऱ्याने पाला बाजूला उडवतो, बाकीचे पळसाच्या ओल्या फांद्यांनी झोडपत जातात. टँकर डांबरी रस्त्यापर्यंतच येतो. पाणी म्हणजे पाच लिटरचा कॅन, तोही आमच्या पिण्याचा. उपग्रहाला आग दिसली की मोबाइलवर संदेश येतो, पण जिथे आग असते तिथे रेंज नसते. रेंज आली की संदेश येतो, आणि तोवर आपण त्याच आगीतून बाहेर पडून भुवया जळाल्या का ते चाचपत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे कोण्या वनरक्षकानेच पहिल्यांदा म्हटलं असावं.

विझली म्हणजे विझली असंही नाही. एखादा वाळका खुंट आतल्या आत धुमसत राहतो. दोन दिवसांनी दुपारी वारा सुटतो, खुंटाचा एक निखारा उताराने घरंगळत खाली येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पण लावतं कोण? हे विचारायला साहेब यायचे, पत्रकार यायचे. विजेने लागते म्हणावं तर आमच्याकडे आगीच्या दिवसांत आभाळ कोरडं ठाक. लागते माणसाच्याच हाताने, आणि त्या हाताला तेव्हा काही वाईट करायचं नसतं. कोणी शेताचे धुरे, म्हणजे बांधावरचं वाळकं गवत, जाळतो आणि वारा फिरतो. कोणी विडीचं थोटूक टाकतो. कोणाला वाटतं, जाळलं की तेंदूला कोवळी पानं चांगली फुटतात. आणि मग मोहाची फुलं.

मोहाचं झाड जंगलात असलं तरी आमच्या गावांत त्याला मालकीण असते. कागदावर नाही. हंगामाच्या आधी ज्या घराने झाडाखालची जागा साफ केली, त्या वर्षी ते झाड त्या घराचं. दुसरं कोणी तिथलं एक फूल उचलत नाही. साफ करायची पद्धत एकच, पाल्याला काडी लावायची. फुलं पहाटे टपटप पडतात. पाल्यात पडली तर सापडत नाहीत, काळ्या राखेवर मात्र लांबून दिसतात. म्हणजे ती आग नुसती झाडू नव्हती, ती सहीही होती. हे मला फार उशिरा कळलं.

त्या बीटवर गेले तेव्हा पहिल्याच फेब्रुवारीत एक बाई काडेपेटीसकट सापडली. पन्नाशीची, काटक, जिभेला धार. गाव तिला मावशी म्हणायचं, मीही म्हणायला लागले. तिचं झाड नाल्याच्या काठावर होतं. दोघींनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पडला नसता, असं जुनं. सासूकडून तिच्याकडे आलेलं.

"मावशी, काडी लावायची नाही," मी म्हटलं.

"मंग फुलं कशी दिसन वं मॅडम? पाला का मी फुंकून उडवू?"

"झाडायचा. खराट्याने."

"झाडला. पुढं? कुठं टाकू?"

मी इकडेतिकडे पाहिलं. तेव्हा माझ्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असायची. नाला कोरडा होता, खोल होता. तिथला पाला वाऱ्याने पुन्हा पसरला नसता. "नाल्यात," मी म्हटलं.

आमच्या बीटवर आगीच्या दिवसांत रोजंदारीने लावलेला एक वाचर, म्हणजे राखणदार, होता. माझ्या जन्माच्या आधीपासून तो ते जंगल पायाखाली घालत होता. मी त्याला भाऊ म्हणायचे. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "नाला मोकळा असलेला बरा असते, मॅडम." मी विचारलं, "काहून?" तो म्हणाला, "असंच. पहिलेपासून मोकळा आहे." असंच हे काही कारण नाही, असं मी त्याला सुनावलं. "तुमी म्हणता तं ठीक आहे," तो म्हणाला आणि खराटा बांधायला बसला.

नाल्याकाठी मोहाची पुष्कळ झाडं होती. मी घरोघर फिरले, बायकांना खराटे दिले, बोलले, रागावले, दोघींच्या काडेपेट्या जप्त केल्या. बायका ऐकायला लागल्या. झाडाखालचा पाला लोटून नाल्यात, असा रिवाजच पडला. ओळीने तीन वर्षं माझ्या बीटवर एकही आग लागली नाही. बैठकीत माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. प्रमाणपत्र मिळालं. नवऱ्याने ते टीव्हीच्या वर खिळा ठोकून लावलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी ते वाचावं लागायचं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तीन वर्षं आग नाही म्हणजे तीन वर्षांचा पाला तिथेच, हा हिशोब कोणी मांडला नाही. गवत वाळून गवतावर पडत राहिलं. घाणेरीची झुडपं कमरेएवढी झाली. पावसात नाल्यातला थोडा पाला वाहून जायचा. उरलेला वळणावळणावर अडकून बसायचा, आणि फेब्रुवारीत त्यावर नवा पडायचा. चौथ्या वर्षी नाला नाल्यासारखा दिसतच नव्हता. मी रोज त्याच्या काठाने जात होते आणि मला तो झाडाखालून साफ केलेला कचरा वाटत होता, बस.

एप्रिलमध्ये एका दुपारी भाऊने नाक वर केलं. "धूर आहे," तो म्हणाला. मला अजून वासही आला नव्हता. नाल्याच्या पलीकडे जिथे शेतं जंगलाला भिडतात तिकडून निळसर रेघ वर चढत होती. धुरा जाळला असेल, विडी असेल. आजपर्यंत मला माहीत नाही. आम्ही चौघं धावलो. उन्हं अशी की आग लागली नसती तरी माणसाने घरात बसावं.

तासभर आम्ही तिला रेटलं. पण ती नेहमीची गुडघ्याएवढी नव्हती. घाणेरीला लागली की डोक्याएवढी व्हायची, बांबूच्या बेटात शिरली की गाठी फटाफट फुटायच्या आणि पेटती चिपाडं वीस पावलं पुढे जाऊन पडायची. एक कोपरा दाबला की मागून दुसरा. मशीनचं पेट्रोल संपलं. एका मजुराच्या चपलेचा तळ वितळला. तो तसाच झोडपत राहिला. श्वास घेतला की छातीत खरवडायचं.

अशा वेळी एकच उपाय असतो : मागे हटायचं, एखादी मोकळी पट्टी गाठायची, आणि तिथून आपणच उलटी आग लावायची. येणाऱ्या आगीला पुढे खायला काही उरत नाही आणि दोन्ही समोरासमोर येऊन संपतात. त्याला धीर लागतो, वाऱ्याची जाण लागते, आणि पाठीशी खात्रीची मोकळी जागा लागते.

"नाल्यावर चाला," भाऊ ओरडला. "नाल्यावर थांबते ते. दरसाल थांबते."

आम्ही नाल्यापाशी आलो. भाऊने नाल्यात पाहिलं आणि मग माझ्याकडे. नाल्यात मांडीएवढा पाला होता. दगड नाही, वाळू नाही, फक्त वाळका, चरचरीत पाला, बायकांनी माझ्या सांगण्यावरून चार हंगाम लोटलेला. तिथून उलटी आग लावली असती तर ती आमच्याच पाठीमागे गेली असती.

आम्ही पायांनी, फांद्यांनी, हातांनी पाला उपसायला लागलो. चार माणसं, मैलभर नाला. आग काठावर आली, पाल्यात उतरली आणि नाल्याच्या लांबीने दोन्हीकडे पळाली. मग एकाच वेळी जागोजागी या काठावर चढली. आम्ही पळालो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डांबरी रस्त्याला येऊन थांबली. 'वनकर्मचाऱ्यांच्या अथक प्रयत्नांनी आटोक्यात आली,' असं अहवालात आहे.

मावशीचं झाड जुनं, आतून पोकळ होतं. वरवरच्या आगीतून असली झाडं जगतात, साल जाड असते. पण नाल्यातली आग त्याच्या मुळाशी बराच वेळ जळत राहिली आणि बुंध्याच्या फटीतून आत शिरली. बाकीचं जंगल थंडावलं तरी त्या झाडाच्या वरच्या ढोलीतून धूर निघत होता. अशा वेळी फट चिखलाने लिंपायची असते, म्हणजे आतली हवा तुटते. आम्ही लिंपत होतो तेव्हा मावशी आली. डोक्यावर घमेलं, घमेल्यात घरून भिजवून आणलेली माती. ती माझ्या शेजारी बसून लिंपायला लागली. लिंपलेली माती वाळून तडकायची, आणि त्या तड्यांतून पुन्हा धूर यायचा. तिसऱ्या दिवशी तो थांबला, कारण आत जळायला काही उरलं नव्हतं.

साहेब पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही वरून रोज फोन, आणि वरच्यांना त्यांच्या वरून. ते जळलेल्या भागातून फिरत मोहापाशी थांबले. सगळ्यात खोल जळालेली जागा तीच होती.

"इथूनच सुरू झालेली दिसते," ते म्हणाले. "मोहफुलवाल्यांचं काम. झाड कोणाचं?"

मावशीला बोलावून तिची पिशवी तपासली, तर तीत काडेपेटी निघाली. गावातल्या कोणत्या पिशवीत निघत नाही? पण तेवढं पुरलं. मी म्हटलं, आग पलीकडच्या शेतांकडून आली, आम्ही चौघांनी पाहिली. साहेब म्हणाले, "पलीकडून आली तर नाला ओलांडून कशी आली? आजवर कधी आली होती का? तेवढं मला सांगा, मी बाईला सोडतो."

मी सांगितलं नाही. 'वारा फार होता' असं काहीतरी पुटपुटले. रकान्यात 'अज्ञात इसम' लिहून अहवाल पाठवला. तो परत आला, वर पेन्सिलने लिहिलेलं : नाव टाका.

मावशीला चौकशीला बोलावलं. ती ऑफिसच्या बाहेरच्या बाकड्यावर सकाळी येऊन बसली, संध्याकाळपर्यंत कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. इथे चोर गणवेश घालून त्याच ऑफिसात आत-बाहेर करत होता.

दुपारी मी तिच्याजवळ पाणी घेऊन गेले. फडक्यातली पोळी ती चटणीशी खात होती.

"मावशी, नाल्यातल्या पाल्याचं साहेबांना सांगितलं का तुम्ही?"

"नाई."

"काहून?"

"तुयी नोकरी हाये न वं. पोट्टे लहान हायेत तुये." तिने पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "मायं काय, मी बसून राहीन. फुलं तं सरलीच."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी कदाचित गप्प राहू शकले असते. माझ्यात तेवढा कोडगेपणा नक्कीच होता.

त्या दिवशी घरी आले. जेवताना नवरा म्हणाला, "ताटात हात घालून कितीक वेळ बसून राहिली तू. दोन शब्द तर लिहायचे आहेत."

"साहेब ते दोन शब्द घेत नाहीत."

"मंग बाकीचे लिही. ठपका बसन, अजून काय होईन? नोकरी थोडी जाते." मग टीव्हीकडे पाहत, म्हणजे प्रमाणपत्राकडे पाहत, म्हणाला, "ते काढू का?"

"राहू दे," मी म्हटलं.

खरं कारण त्या बोटभर रकान्यात मावेना. वेगळा कागद जोडला. लिहायला बसले तर सरकारी भाषा मदतीला धावून आली : 'सदर नाल्यात पालापाचोळा साचल्याचे निदर्शनास आले.' साचल्याचे. जणू स्वतःहून चालत आला. तो कागद फाडला आणि पुन्हा लिहिलं, की पाला नाल्यात टाकायला मी सांगितलं, वाचरने नको म्हटलं होतं ते मी ऐकलं नाही, आणि आग त्याच पाल्यावरून या काठावर आली.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "हे लिहायची काय गरज होती, मॅडम?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. आता त्यांना वरती आणखी एक कागद पाठवावा लागणार होता. मावशीला त्याच दिवशी घरी पाठवलं. मला नोटीस आली, मी उत्तर दिलं, सेवापुस्तकात ठपका बसला. वरच्या ऑफिसात सगळ्या आगींची मिळून एक यादी झाली. ती पुढे माझ्या पाहण्यात आली. माझ्या बीटसमोर कारण होतं : अज्ञात इसम.

पुढच्या फेब्रुवारीत जाळरेषा काढायला आम्ही नाल्याकडे गेलो. जाळरेषा म्हणजे हंगामाआधी पट्टी साफ करून मुद्दाम, नजरेखाली जाळायची. दवात, सकाळी, थोडी थोडी. नाला सगळ्यात आधी उपसायचा होता. भाऊ पुढे होता. या वर्षी तो सांगत होता आणि मी वहीत लिहून घेत होते.

मोह काळा उभा होता. एक कोंब नाही. आणि खाली मावशी झाडत होती. खराटा मीच दिलेला, आता निम्म्याने झिजलेला.

"मावशी, याला आता फुलं येणार नाहीत."

"माईत हाये मले."

"मग काहून झाडता?"

ती न थांबता म्हणाली, "नाई झाडलं तं लोकं म्हणन, सोडलं हिनं. सासूचं झाड हाये ते."

काळ्या बुंध्याभोवती तिने गोल जागा अशी स्वच्छ केली होती की माती दिसत होती. आजूबाजूच्या सागांचा पाला उडत येऊन तिथे पडत होता, ती तो टोपल्यात भरत होती. टोपलं भरलं. ते कमरेवर घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"कुठं टाकू?"

मी नाल्याकडे पाहिलं. मग वर, सागांकडे. पानं गळतच होती. एका टोपल्याचं उत्तर कोणीही देईल, खड्ड्यात टाका, शेतात टाका. पण मागे आख्खं जंगल होतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, साहेबांकडे नव्हतं, त्यांच्या वरच्यांकडेही नव्हतं.

"मावशी, तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"हे तवा इचाराचं होतं वं," ती म्हणाली. रागाने नाही. टोपलं माझ्या हातात दिलं आणि पुन्हा झाडायला वाकली.